डोंगरगडपर्यंत

शैला: दोरी कुठे आहे, मारोतकाका?

मारोतराव: तू कावून आली खदानीवर?

शैला: काकू म्हणाल्या, हे भाजी आणायला गेले, टायरची ट्यूब घेऊन.

मारोतराव: वच्छलापासून काई लपत नाई.

शैला: जन्मभर रेल्वेत गार्ड तुम्ही. पळतानाही झेंडी दाखवूनच पळता. दोरी?

मारोतराव: डिक्कीत हाय. एकच बुडी मारून राहिलो पोरी. तुझ्या बापाचा मासे मारायचा भाला खाली पडून हाय. महिना झाला, गंजून जाईन.

शैला: बाबाही त्या दिवशी एकच बुडी मारायला आले होते. एकटे.

मारोतराव: त्या रविवारी माझी ड्युटी लागली ना वं.

शैला: माहीत आहे. त्यांनी थांबायचं होतं. खदानीतल्या मरळीची काही बदली होणार नव्हती.

मारोतराव: बापाले बी असंच बोलायची तू.

शैला: ते ऐकायचे नाहीत. तुम्हीही ऐकू नका, फक्त दोरी कंबरेला बांधा. काठावर मी बसते.

मारोतराव: तुले कायदा मालूम हाय आमचा?

शैला: एक पाण्यात, एक काठावर. काठावरच्यानं दुर्गपासून नागपूर लाइनची स्टेशनं म्हणायची, एका श्वासाला एक. डोंगरगड आलं की ओढायचं.

मारोतराव: खालचा धडधाकट असला तरी?

शैला: असला तरी. वर येता येता शुद्ध जाते, आणि ज्याची जाते त्याला कळत नाही. व्हरांड्यात तुम्हीच सांगायचा बाबांना. मी आत पोळ्या लाटायचे. आणि आता असे भराभरा श्वास घेऊ नका, भाता आहे का तुमचा?

मारोतराव: सायबीण झाली पोरगी. पकड.

(मारोतराव बुडी मारतात.)

शैला: दुर्ग. रसमडा. मुढीपार. परमालकसा. राजनांदगाव. बाकल. मुसरा. जटकन्हार. डोंगरगड.

मारोतराव: अवं, ओढलं कावून? बोटं लागली होती भाल्याले!

शैला: डोंगरगड आलं.

मारोतराव: अजून एक स्टेशन दिलं असतं तं काय झालं असतं?

शैला: बाबाही असेच चिडले असते. कुणी ओढलं असतं तर.

(मारोतराव काठावर येऊन बसतात.)

शैला: टॉवेल घ्या.

मारोतराव: बरं. आता जागा ध्यानात हाय. लगेच जातो.

शैला: वर आल्यावर नागपूरपर्यंत दम घ्यायचा. हाही तुमचाच कायदा.

मारोतराव: दुर्ग, गोंदिया, नागपूर. झालं. सोड.

शैला: ही पॅसेंजर आहे, काका. सगळीकडे थांबते.

मारोतराव: तुझा बाप नेहमी एक्सप्रेसच पकडायचा. मी हसायचो फक्त. बोललो नाई कधी.

शैला: आता बोला.

मारोतराव: अन् आज भाला नाई निघाला तं?

शैला: पुढच्या रविवारी येऊ. दोघं. म्हणा माझ्याबरोबर. दुर्ग.

मारोतराव: रसमडा.