चौथ्या टाकीतली बिअर

(सप्टेंबर. ओरेगनमधल्या विलामेट खोऱ्यात घराच्या मागच्या पडवीत बिअर बनवणारा हॅल्वर आणि त्याची मुलगी टेसा. संध्याकाळ होत आलेली.)

टेसा : स्वेटर घाला बरं, बाबा. ऊन गेलं की गारठा लगेच पायांत शिरतो आता.

हॅल्वर : आधी ग्लास दे. ताज्या हॉप्सच्या बिअरची वर्षभर वाट बघायची, आणि तू स्वेटर काय घेऊन बसलीस!

टेसा : घ्या. चौथ्या टाकीतली. सकाळी तोडलेली हॉप्सची कडू फुलं त्याच दुपारी कढईत पडली. पहिल्यांदाच सगळं एकटीनं केलं.

हॅल्वर : रंग झकास. फेसही टिकलाय. हं... लिंबाची साल. मागून ओलं गवत. कडूपणा नेमका. पोरी, उद्या बाटल्या भरायला घे!

टेसा : परत वास घ्या.

हॅल्वर : घेतला की.

टेसा : बाबा, उकडलेल्या कोबीचा वास मारतोय तिला. टाकीचं झाकण काढलं तेव्हाच भपकारा आला. काय चुकलं ते विचारायला आणली मी.

हॅल्वर : (ग्लास खाली ठेवत) कोबीचा?

टेसा : बाबा?

हॅल्वर : फेब्रुवारीत ताप आला होता ना. तेव्हापासून नाक मेलंय. डॉक्टर म्हणाले, परत येईलच असं नाही.

टेसा : सात महिने! आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?

हॅल्वर : तीस वर्षं लोक 'हॅल्वरचं नाक' म्हणून आपल्याकडं येतात. काय सांगायचं होतं?

टेसा : पण जूनमधली गव्हाची बिअर तुम्ही फेकायला लावलीत. ती खरंच बिघडली होती.

हॅल्वर : तू घोट घेतलास आणि तुझी भुवई आक्रसली. उन्हाळाभर तुझं तोंड बघूनच सांगत आलोय. आज तू ग्लासला तोंडच लावलं नाहीस.

टेसा : म्हणजे कशाचाच वास येत नाही?

हॅल्वर : या दिवसांत हॉप्स वाळवायच्या कोठारावरून वारा सुटतो. सगळं खोरं घमघमतं. यंदा नुसता गार लागला.

टेसा : (बाहीनं डोळे पुसते.)

हॅल्वर : रडू नकोस. कोबी म्हणालीस ना? झाकण ठेवून उकळलंस काय?

टेसा : अर्धं. माशा पडत होत्या.

हॅल्वर : तिथंच चुकलं. कोबीचा वास त्या वाफेबरोबरच जातो, ती बाहेर जाऊ द्यायची असते. ओतून टाक ही.

टेसा : सगळी टाकी?

हॅल्वर : सगळी. आणि तिसरीतली आण. ती उकळताना झाकण होतं?

टेसा : नव्हतं. थांबा, आणते... ही घ्या.

हॅल्वर : नको, आधी तू. डोळे मीट, वास घे आणि सावकाश सांग. मी ऐकतोय.