सावेरियोचं मोझरेला

सावेरियो : घरी नको, ओर्तेन्सिया. इथेच खा. माझ्यासमोर.

ओर्तेन्सिया : अरे, सकाळी सकाळी? कॉफीसुद्धा धड पोटात गेली नाही माझ्या. बांधून दे, दुपारी टोमॅटोबरोबर खाईन.

सावेरियो : पहिला गोळा पाण्यातून निघाला की तुझ्या हातावर, ही या दुकानाची रीत. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा या काउंटरला टेकून रडत रडत खाल्लास. आणि मी आजारातून उठून दुकान उघडलं, तेव्हापासून तुझं आपलं एकच. बांधून दे, बांधून दे.

ओर्तेन्सिया : दात दुखतात रे.

सावेरियो : मोझरेला खायला दात कशाला लागतात?

ओर्तेन्सिया : काय झालंय काय तुला आज?

सावेरियो : काल पुठ्ठे टाकायला चर्चमागे गेलो. कचऱ्याचा डबा उघडला. माझा कागद, माझी दोरी. गाठसुद्धा सोडलेली नाही कुणी. एक पुडी नाही, ढीग.

ओर्तेन्सिया : त्यात माझी नव्हती. देवाशप्पथ. मी चर्चमागे टाकत नाही.

सावेरियो : मग कुठे टाकतेस?

ओर्तेन्सिया : ...घरच्या डब्यात. घे, सांगितलं. आता ओरड.

सावेरियो : ओरडत नाही. का टाकतेस ते सांग.

ओर्तेन्सिया : रबर झालंय ते, सावेरियो. चावता चावत नाही, दुधाचा थेंब सुटत नाही. चीज ताणायचं पाणी फार कढत घेतोस तू. पूर्वी पाण्यात बोटं घातलीस की आईबहिणीवरून शिव्या द्यायचास. त्या शिव्यांवरून मला कळायचं, पाणी बरोबर झालं. हल्ली तू गप्प असतोस.

सावेरियो : केमोपासून बोटांत जीव नाही. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू.

ओर्तेन्सिया : हात बघू. अरे देवा! फोड आलेत की!

सावेरियो : कधी आले?

ओर्तेन्सिया : मला काय विचारतोस? हात तुझा आहे!

सावेरियो : गिल्डा हेच सांगत होती. 'बाबा, पाणी कढत होतंय, मला करू द्या.' पोटची पोर. मला वाटलं, बाप मरत नाही म्हणून हिला दुकानाची घाई झालीय. तेव्हा तूच इथे उभी होतीस. म्हटलं, ओर्तेन्सिया खरं बोलेल. तिच्यादेखत तुला विचारलं, कसं झालंय. काय म्हणालीस तू?

ओर्तेन्सिया : नको ना.

सावेरियो : काय म्हणालीस?

ओर्तेन्सिया : 'साऱ्या गल्लीत तुझ्या हाताला तोड नाही.'

सावेरियो : आणि मी तिथल्या तिथे तिच्याकडून दुकानाची किल्ली काढून घेतली.

ओर्तेन्सिया : अरे, तुझ्या डोक्यावर केस नव्हते! अ‍ॅप्रनचे बंद कमरेला दोनदा गुंडाळावे लागत होते. कुणाची जीभ रेटली असती? आम्ही साऱ्यांनी ठरवलं, घ्यायचं आणि छान म्हणायचं. त्याच्यावर तर तू उभा राहिलास.

सावेरियो : मी उभा राहिलो, पोर गेली. मग खाता काय तुम्ही? रविवारी लसान्यात काय घालता?

ओर्तेन्सिया : ते विचारू नकोस.

सावेरियो : विचारतोय.

ओर्तेन्सिया : गिल्डाकडचं. नदीपलीकडे, न्यू जर्सीत एका चीजच्या दुकानात आहे ती. शुक्रवारी आम्ही बायका बसने जातो.

सावेरियो : कसं असतं?

ओर्तेन्सिया : तुझ्यासारखं. पूर्वीच्या तुझ्यासारखं.

सावेरियो : फोन लाव तिला. म्हणावं, बापाला कळलं. म्हणावं, किल्ली इथेच खिळ्याला टांगलेली आहे.

ओर्तेन्सिया : मी सांगितलं नसेल असं वाटतं तुला? ईस्टरला सगळं ओकले तिच्यापुढे. फक्त पाया पडायची राहिले. ती म्हणाली, 'मावशी, तुम्ही खोटं बोललात त्याचं काही नाही. बाबांनी माझं खरं मानलं नाही.' आता तिथे भागीदार झालीय ती. आमचं चीज मोजते, बांधते. तुझं नावही काढत नाही. ती यायची नाही, सावेरियो. मला माफ कर.

सावेरियो : मग रोज पहाटे उठून मी कुणासाठी हात घालत होतो त्या पाण्यात?

(दार उघडतं. कोपऱ्यावरचा न्हावी एत्तोरे आत येतो.)

एत्तोरे : काय सावेरियो, नेहमीचे दोन गोळे बांध! बायको म्हणते, सावेरियोच्या हातचं नसेल तर ती जेवायलाच बसणार नाही.

सावेरियो : मोझरेला बंद केलं, एत्तोरे. आजपासून. पुन्हा नाही करणार.

एत्तोरे : बंद? अरेरे! छे छे, काही हरकत नाही, तब्येत आधी! बायकोला सांगतो मी. मग असं कर, नुसता पाव दे. आणि थोडी सलामी दे, पातळ काप.

सावेरियो : घे.

एत्तोरे : येतो रे. येतो, ओर्तेन्सिया!

ओर्तेन्सिया : सावेरियो... तो हात आधी गार पाण्याखाली धर. ऐकतोयस ना?

सावेरियो : शीळ घालत गेला गं तो.