खचलेल्या काठावरची मेणबत्ती

हॅलो? … हॅलो, नेरिसताई? … अगं, मी दोरा. येतोय का आवाज? … धक्क्यावरून बोलतेय, घरात रेंज कुठली! … ऐक ना, डंपर आलेत. काठ बांधून काढायचे, पिचिंगचे दगड घेऊन. … हो, आजच. … माहितीये गं, पर्यावरणाची पाहणी तूच केलीस, मंजुरीही तूच दिलीस. म्हणून तर फोन केला. थांबव ते.

… ओरडू नकोस. आधी ऐकून घे.

… क्लेमेंसिया आलीय. अगं, वरच्या गावची, नवरा पुरात गेला न् सापडला नाही, ती. … हां, तीच. तिनं तुंब्याची वाटी सोडली पाण्यात, मेणबत्ती लावून, नवऱ्याचं नाव घेऊन. बुडालेला माणूस असेल तिथं वाटी थांबते, आजवर असंच ना? … ही खाली गेलीच नाही. उलटी फिरली. बाबांना पुरलं त्या आपल्या कबरस्तानाच्या पायऱ्यांना येऊन टेकली.

… हसतेस काय? … बरं बाई, भोवरा. तिकडं क्विब्दो शहरात बसून तुला बरा दिसतो भोवरा! परत सोडली, परत तिथंच. मग ती विचारते, तुमच्या बाबांना ओळखलंत कशावरून? … हो ना, सदऱ्यावरूनच. चेहरा कुठं राहिला होता! पूर आला तो संत फ्रान्सिस्कोच्या सणाचाच दिवस, सगळ्या गल्लीनं कापडाच्या एकाच ठाणातले निळे सदरे शिवलेले … अगं, क्लेमेंसियाच्या गावानंही यंदा तेच कापड उचललं होतं.

… ताई? … आहेस ना?

… रडू नकोस. आईसुद्धा फसली, तिथं तुझं काय. मयताच्या नऊ रात्री जागून गायलो आपण, ते परक्यासाठी, तिच्या नवऱ्यासाठी. आणि बाबा …

… हो, सोडली ना दुसरी. आईनं बाबांचं नाव घेतलं. … खचलेल्या काठापाशी गेली न् थांबली. पानं वाहतायत, ओंडके वाहतायत, ही जागची हलत नाही. वरून पाऊस भुरभुरतोय, तरी ज्योत सरळ. मला भीती वाटतेय गं. … कुठं म्हणजे? पाहणीला आलीस तेव्हा मोजपट्टी धरून कुठं उभी होतीस? ‘इथं काही नाही, नुसता चिखल’ म्हणालीस? … तिथंच. … उन्हातही पाय गार पडले म्हणत होतीस बघ.

… कळतंय. काठ नाही बांधला तर पुढच्या पुरात शाळा जाईल. बांधू नका कोण म्हणतंय? आधी उकरू दे. … नोकरी? ताई, बाप आहे आपला. त्यांच्यावर दगड ओतायचे?

… आई पुढच्या डंपरसमोर बसलीय. ड्रायव्हर बिचारा आजी, आजी करतोय, ती ऐकेल तर शपथ.

… थांब, इंजिन सुरू केलं त्यानं. … बोल लवकर! … काय? … परत बोल. … मंजुरी मागे घेतेस? आत्ता? … बाबांची शपथ?

… ताई … वाटी हलली. … नाही गं, वारा नाहीये. … इकडं येतेय, धारेच्या उलट. … माझ्या पायाशी आली. … विझली. आपणहून विझली गं.

… हो, हो, ठेव, आधी डंपरवाल्यांना फोन लाव. … आणि लगेच निघ. … अं? नाही, कुदळ-फावडं काही आणू नकोस. आई म्हणते, हातांनीच उकरायचं. त्यांना लागायला नको.

… ठेवते.