पळसाच्या पानांचा मुंजाबा

नाय म्हणलं ना, कडूबा पाव्हणं – मग पुन्हा तेच का? पळसाची पानं आणायची, त्याचा माणूस बांधायचा, त्याला माझ्या लेकाचं, मुंजाबाचं नाव द्यायचं अन् अग्नी द्यायचा – कशाला? तुमच्या द्वारकाचा पाट लावायचाय म्हणून? व्हय, लागतो आपल्यात पाट. पोरीनं जन्मभर माझ्या दारात बसावं असं मी कधी म्हणलो? पण आधी तो मेला हे ठरू द्या. सरकारनं काय कळवलं? विमान समुद्रात पडलं, माणूस घावला नाय. घावला नाय म्हणजे मेला? मेंढरू चुकलं तर मी डोंगर पालथा घालतो, मग म्हणतो गेलं.

तुम्हाला तो जावई म्हणून ठाऊक. पोलीस ॲक्शनच्या वक्ताला अंगावर पिणारं पोर ते, मेंढरांमागं वाढलं, अन् येकाहत्तरच्या लढाईत नेव्हीचं विमान उडवत होतं – बोटीवरून! मी विचारलं, अरे, एवढ्याशा जागेत थांबतं कसं? म्हणला, आप्पा, तुम्ही आकडीनं बाभळीची फांदी ओढता ना, तसली आकडी विमानाच्या शेपटीला असती. बोटीवरच्या तारेत अडकली की थांबलं. अन् नाय अडकली तर? हसला. म्हणला, पुन्हा एक चक्कर मारायची. दुश्मनाच्या बंदरावर बॉम्ब टाकून आला, पंखाला भोकं – तरी तार चुकवली नाय. वीरचक्र काय फुकट देतात? लढाईतून आला माघारी, अन् औंदा सरावाला गेला तिथं – नुसत्या सरावाला – मारत असंल चक्कर. तेल किती पुरतं ते मला सांगू नका!

चिकलठाण्याला विमान उतरतं तवा मी अंगणात जातो, ते मेंढरं बुजतात म्हणून. दुसरं काय नाय.

ती पानं? पत्रावळीची असतील – बरं, पळसाची हायेत. मीच आणली, कन्नडच्या घाटातून. भटजी म्हणले, पुतळा माणसाएवढा पाहिजे. बांधायला बसलो, अन् मुंजाबा केवढा होता तेच मला ठावं नाय! शिकायला गेला तवा माझ्या खांद्याला लागायचा. पुढं वाढला तो तिकडं. सुट्टीला आला की पाया पडायचा अन् खाली बसायचा. बापापुढं ताठ उभं राहायचं नाय, मीच शिकवलेलं. मग द्वारकाला विचारलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, अन् आपल्या डोक्याच्या वर हात धरला – एवढा. मी दोरीनं माप घेतलं, तरी हात खाली येईना तिचा. कडूबा, ती त्याच्या खांद्यालाच टेकल्यासारखी उभी होती हो. पोरीला ठाऊक हाय. मलाच –

न्या तिला. आजच न्या तुमच्या चितेगावला. पुतळा मी एकटा बांधीन, जळताना तिनं बघायचं काम नाय. अन् पाट लावाल तो घरी येणारा माणूस बघून लावा. पाया काय पडता? व्हा म्हणतो ना – व्हा बाहेर.