राहिलेलं बारसं

बायको गेल्यापासून एकटे असलेले झुंबरतात्या बारामतीच्या स्टँडवर बसले होते. शेजारी सासू-सून, सुनेच्या मांडीवर तान्ही पोर. पुण्याला ऑपरेशनला निघालेली.

"प्रगती, डॉक्टर काय म्हणलं, नीट सांग."

"हृदयाचं भोक बुजवता येतंय, आई. पण तिच्या गुणसूत्रांतच दोष हाय, तो जायचा न्हाय."

"मग एवढ्याशा जिवाला कशाला कापायचं?"

"दूध पिताना धाप लागती तिला. ती थांबंल. पोटभर पिऊन झोपंल तरी."

"पण किती दिस जगंल?"

"तुमाला तुमचं सांगितलंय का कुणी?"

"लय तोंडाची हायस."

"तितं दवाखान्यात नाव विचारत्यात. 'प्रगतीची मुलगी' एवढंच सांगते मी. बारसं तुमीच थांबवलं."

"नाव ठेवलं की माया लागती, म्हणून थांबवलं."

"मग लागली न्हाय व्हय? दिसभर उराशी धरून कोण बसतंय?"

तात्यांनी आपली पिशवी उचलून बाकड्यावर जागा केली. सासूनं हात पुढं केले.

"आण हिकडं. आत्या न्हाय हितं, मीच नाव ठेवते."

"हितं? स्टँडवर?"

"मग गाडी थांबणार हाय व्हय?"

म्हातारीनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्र... राजलक्ष्मी."

"आई, एवढ्याशा पोरीला लय मोठं झालं नाव."

"असू दे मोठं. वाढतं अंग हाय तिचं."