गार कडी

क्रेनची साखळी तुटून एक माणूस गेला होता. चौकशीच्या खोलीबाहेर एक बाई बसली होती. तिच्या मागच्या बाकावर साखळ्या तपासणारा म्हातारा बहिणीशी हळू आवाजात बोलत होता.

"ताई, चांगली कडी आधी ताणली जाते, मग तुटते. तुटल्यावर लगेच हात लावला तर चटका बसतो. तीस वर्षं मी प्रत्येक तुकड्याला बोट लावून बघतोय."

"आणि या साखळीचा?"

"तपासणीत तोडून बघतो ती नमुन्याची कडी ताणलीच गेली नाही. काचेसारखी तुटली. बोट लावलं, तर गार."

"मग पास कशी केलीस?"

"तुटण्याआधी ठरलेलं वजन पुरेपूर पेललं होतं. कागदावर तेवढंच विचारतात. गार की गरम, याला रकाना नाही."

"साहेबांना सांगायचंस की."

"हसले असते. मलाही वाटलं, वय झालं, बोटं बधिर झाली असतील."

"आता आत काय सांगणार आहेस?"

"कागद दाखवीन. कागदात खोट नाही."

"आणि बोटाचं?"

"बोटाचं कोण विचारतंय, ताई."

दार उघडलं. शिपायाने विचारलं, "गेलेल्या माणसाच्या घरचं कोण आलंय?"

पुढच्या बाकावरची बाई उठली. आत जाण्याआधी म्हाताऱ्यासमोर क्षणभर थांबली.

"मी विचारीन," ती म्हणाली.