बाप्याचं वय

—तेच तर म्हन्ते मी, पाव्हनं. सोयरीक आननाऱ्या मधल्या मानसानं तुमचं वय बेचाळीस सांगितलं, तुमी म्हन्ता पन्नास. कोल्हारहून सोनईला येईस्तवर आठ वर्सं वाढली व्हय? दात दावा बगू. लाजता काय? बोकड घेताना आमी दातच बगतो — अगं बया, ही तर अख्खी कवळीच हातात आली. घाला, घाला माघारी. म्हंजी साठी गाठली की तुमी.

राग नका मानू. तुमचा ऊस हाय, पाटाचं पानी हाय, हितं दुष्काळानं हिरीचा तळ दिसाया लागला, माझी लेक मनकर्णा तुमच्याकडं पोटभर जेवंल — समदं खरं. पन पुढं लेकरं व्हत्याल त्येंचं काय? बाईचं वय समदी पुसत्यात, बाप्याचं कोन पुसतं? मी गुरांच्या डाक्टरलाच इचारलं. त्यो म्हनला, वळू म्हातारा झाला की बीजात खोट धरती, म्हनून आमी बदलतो. मग वळूला येक न्याय आन् नवऱ्याला दुसरा? आमच्या घरातच बगा ना. आमचे मालक, गेले ते दोन वर्सांमागं — मनकर्णाच्या टायमाला पन्नाशीच्या आत हुते, पोरगी खनखनीत. पुंजारामाच्या टायमाला पन्नाशी उलटल्याली — ते काय, वट्ट्यावर बसलाय. लई गुनाचं पोरगं, पन चार पावलं टाकली की धाप लागती. येवढा मोटा झाला तरी न्हानीत मीच धरून नेते. माझा जीव हाय त्येच्यावर, म्हनूनच म्हन्ते, हे माझ्या लेकीच्या वाट्याला नगं.

कोन, ते? पोतं घिऊन गेलं ते? ते माझं धाकटं, भीमा. जवारीचं पोतं येकटा उचलतो, आखाड्यात कुनाला आयकत न्हाई. व्हय तर, पुंजारामाच्या पाठचा. मालक तवा पंचावन—

हसता कशापायी? चहा निवला तुमचा... भीमाचं येगळं हाय. काय येगळं म्हंजी? येगळं म्हंजी येगळं.

थांबा, पुढचं तुमी नका बोलू, मीच बोलते. बीजात खोट धरत नसंल तर पोरगी तुमाला द्यायची, आन् धरत असंल तर भीमा कुनाचा, हे तुमी गावभर करनार — असंच ना?

धरती. म्हाताऱ्याच्या बीजात खोट धरतीच. जावा, सांगा गावाला. पोरगी मिळायची न्हाई. उठा, पाव्हनं.